एलियन दिसतील कसे? गच्चीवर, दुर्बिणीच्या रांगेत आणि लग्नाच्या पंगतीत मला विचारले गेलेले प्रश्न

गेली बरीच वर्षं हौस म्हणून लोकांना आकाश दाखवतोय, कधी सोसायटीच्या गच्चीवर, कधी वांगणी-नेरळकडे रात्रभराचा कार्यक्रम असतो तेव्हा. शनीची कडी बघून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला, "तिकडे कोणी असेल का हो?" आणि त्याच्या पाठोपाठ "असले तर दिसायला कसे असतील?" दरवेळी तेच तेच बोलून घसा बसतो म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. एक आधीच सांगतो, आजपर्यंत पृथ्वीबाहेर एक जंतूसुद्धा सापडलेला नाही, त्यामुळे खाली जे आहे ते सगळे अंदाज. पण अंदाजालाही काहीतरी बूड असावं लागतं, ते पृथ्वीवरच्या प्राण्यांकडून घेतलंय.

ते हिरवे, टकले, मोठ्या काळ्या डोळ्यांचे असतात ना?

नाही. म्हणजे तसे असायचं काही कारण नाही. हा चेहरा आला कुठून बघा, १९४७ साली अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड नावाच्या पायलटला आकाशात वेगाने जाणाऱ्या काही वस्तू दिसल्या, त्याने वर्णन केलं की पाण्यावर बशी फेकली की ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या उडत होत्या. म्हणजे तो चालीबद्दल बोलत होता, आकाराबद्दल नाही. पेपरवाल्यांनी छापलं 'उडती तबकडी', आणि त्यानंतर लोकांना खरोखरच तबकड्या दिसायला लागल्या! ही गोष्ट मला प्रचंड आवडते. पुढे १९६१ मध्ये तिथल्याच एका जोडप्याने आम्हाला पळवून नेलं म्हणून सांगितलं, त्यातून आणि नंतरच्या टीव्ही-सिनेमातून तो बारक्या अंगाचा मोठ्या डोक्याचा प्राणी पक्का झाला. आता त्या चित्राकडे नीट बघा, मोठं डोकं, मोठे डोळे, केस नाहीत, हातपाय काडीसारखे. ते आपलंच तान्हं बाळ आहे थोडं ताणलेलं. माणसाला माणूसच सुचतो.

शास्त्रज्ञही या चेष्टेतून सुटलेले नाहीत. १९६७ मध्ये जोसेलिन बेलला दर १.३३ सेकंदांनी घड्याळासारखा येणारा रेडिओ सिग्नल मिळाला तेव्हा त्याला गमतीने 'छोटी हिरवी माणसं' असंच नाव दिलं होतं. तो निघाला पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा मेलेला तारा.

मग एका वाक्यात सांगा ना कसे असतील.

एका वाक्यात नाही सांगता येत. पण चेहरा विचारायच्या आधी चार गोष्टी विचारा: राहतात कुठे (पाणी, जमीन, हवा), पोट कसं भरतात, वस्तू धरतात कशाने, आणि त्यांच्यात आजी असते का. चौथा प्रश्न ऐकून लोक हसतात, पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, खाली येईलच.

दोन हात, दोन पाय, एक डोकं… हे सगळ्यात सोयीचं आहे म्हणूनच आपण असे झालो ना?

सोयीचं आहे, पण 'म्हणूनच' नाही. आपले चार अवयव आले ते आपल्या मासे-पूर्वजांना पोटाखाली परांच्या दोन जोड्या होत्या म्हणून. कॅनडाच्या उत्तरेला बर्फाळ बेटावर २००४ मध्ये टिकटालिक नावाच्या माशाचे जीवाश्म सापडले, साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्या परात मनगटासारखी हाडं आहेत. त्या काळात तीन जोड्यांचा मासा जमिनीवर सरपटत आला असता तर आज घोड्याला सहा पाय असते आणि आपल्याला बहुतेक चार हात. बायको म्हणते, डबे भरताना बरं झालं असतं.

बोटांचं तर अजून भारी आहे. अकांथोस्टेगा नावाचा एक सुरुवातीचा चतुष्पाद, त्याच्या पुढच्या पायाला आठ बोटं होती! आठ! मग पुढे पाच उरली, आणि पाच नि पाच दहा म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. ती आठच टिकली असती तर आपले पाढे सोळाचे असते आणि सचिनच्या शंभराव्या शतकाला कोणी फटाके वाजवले नसते, कारण शंभर हा गोल आकडाच नसता.

१९८२ मध्ये डेल रसेल या कॅनडातल्या जीवाश्मतज्ज्ञाने डायनासोर मेलेच नसते तर त्यातला हुशार जातीचा एक पुढे कसा झाला असता याचं मॉडेल बनवलं. काय निघालं? दोन पायांवर ताठ उभा, शेपूट गायब, मोठं डोकं, म्हणजे हिरव्या कातडीतला माणूस. त्यावर इतर शास्त्रज्ञांनी टीका केली आणि बरोबर केली. डायनासोरचे वंशज आजही आहेत की, पक्षी, आणि त्यातला हुशार कसा दिसतो ते आपल्या खिडकीत रोज येऊन ओरडतं. कावळा. शेपटीसकट.

म्हणजे काहीच अंदाज करता येत नाही का? मग लिहिताय कशाला?

करता येतो, थांबा जरा. निसर्ग काही युक्त्या पुन्हा पुन्हा शोधतो. उडणं चार वेळा वेगवेगळं सुरू झालं, कीटक, टेरोसॉर (डायनासोरच्या काळातले उडणारे सरपटे), पक्षी, वटवाघूळ. डॉल्फिन आणि शार्क यांचं नातं लांबचं, एक सस्तन एक मासा, तरी बाहेरून साचा तोच, कारण पाण्यातून जोरात जायचं तर असंच व्हावं लागतं. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढणं वटवाघळाने वेगळं शिकलं, डॉल्फिनने वेगळं. आणि खेकडा! कवचवाल्या प्राण्यांच्या वेगवेगळ्या घराण्यांतून खेकड्याचा आकार किमान पाच वेळा स्वतंत्रपणे तयार झालाय. कोकणातल्या माणसाला ही बातमी चांगलीच आहे.

तर ज्या युक्त्या इथे पुन्हा पुन्हा लागल्या त्या तिकडेही लागतील असं धरायला हरकत नाही. उजेड असेल तर डोळे असतील. शिकार करणारा असेल तर डोळे आणि तोंड जवळजवळ आणि पुढच्या बाजूला असतील, कारण खाणार काय ते खायच्या आधी दिसायला हवं, आणि मेंदू त्यांच्या आसपास, वायर जितकी छोटी तितकं बरं. काहीतरी पकडायला असेल, बोटं, सोंड, शुंड, चोच, काहीही. इतकंच. नाक दोन भोकांचं, कान बाजूला, भुवया, हे सगळं आपल्या घरचं आहे.

पृथ्वीवर एलियनच्या सगळ्यात जवळचा प्राणी कुठला?

ऑक्टोपस. इथे मी जरा लांबण लावणार आहे.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीला डबक्यांत खाली वाकून बघत फिरायचा नाद आहे मला. एकदा असाच बसलो होतो, समोर शेवाळ लागलेला दगड, साधा, तळहाताएवढा. पाच मिनिटं त्याच्याकडे बघतोय आणि अचानक त्या दगडाला डोळा आला. आडवी काळी फट. मग त्या दगडाचा पोत बदलला, खरखरीत होता तो गुळगुळीत झाला, रंग विटकरी झाला, आणि तो सगळा दगड एका बोटभर फटीत पाण्यासारखा ओतला गेला. शेवटचा एक हात बाहेर राहिला होता, तो आपला आपण चाचपत होता, आत गेलेल्या बाकीच्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा, मग तोही गेला. मी तिथेच बसून राहिलो, भरती लागेपर्यंत.

आता आतलं बघा. हृदयं तीन. रक्त निळं, कारण त्यात लोखंडाऐवजी तांबं. चेतापेशी सुमारे ५० कोटी, कुत्र्याच्या मेंदूच्या वरच्या थरात साधारण तेवढ्याच असतात, पण यातल्या दोन तृतीयांश डोक्यात नाहीतच, आठ हातांत आहेत. म्हणजे प्रत्येक हात स्वतः थोडा विचार करतो. तोडलेला हातसुद्धा काही वेळ स्पर्शाला प्रतिसाद देत राहतो. डोळा आपल्यासारखाच भिंगवाला, आणि आपल्यापेक्षा नीट बांधलेला, आपल्या डोळ्यात नसांच्या जोडणीमुळे एक आंधळा ठिपका राहतो, त्याच्यात नाही. आणि रंग ओळखायची पेशी मात्र एकाच प्रकारची, म्हणजे आपल्या हिशेबाने तो रंगांधळा, तरी आजूबाजूच्या खडकासारखा रंग घेतो.

माणूस आणि ऑक्टोपस यांचा शेवटचा सामाईक पूर्वज साधारण ५५ ते ६० कोटी वर्षांपूर्वीचा, कुठलातरी बारका किडा. तिथून दोन वाटा फुटल्या आणि दोन्हीकडे बुद्धी वेगवेगळी उगवली. म्हणून मला वाटतं की दुसऱ्या ग्रहावरची बुद्धी बघायची तर पहिलं तिकीट मत्स्यालयाचं काढा.

मग ऑक्टोपसने शहरं का नाही बांधली?

आली आजी. ऑक्टोपस बहुतेक जातींत एक-दोन वर्षंच जगतो. आई अंडी घालते, खाणंपिणं सोडून त्यांची राखण करते आणि पिल्लं बाहेर पडतात त्या सुमारास मरते. बाप त्याआधीच गेलेला. म्हणजे एवढं हुशार पोर पहिल्या दिवसापासून अनाथ, सगळं पहिल्यापासून स्वतः शिकतं आणि जे शिकलं ते घेऊनच मरतं. ज्ञान पुढच्या पिढीकडे जायची सोयच नाही.

याउलट ओर्का बघा, म्हणजे किलर व्हेल. यांच्या माद्या चाळिशीच्या आसपास पिल्लं देणं थांबवतात आणि पुढे अनेक वर्षं जगतात, काही तर ऐंशीच्या घरात. फुकट नाही जगत, मासे कमी असतात त्या वर्षी कळपाच्या पुढे म्हातारीच असते, तिला जुन्या जागा माहीत असतात. हत्तींतही कळप म्हातारीचाच, दुष्काळात पाणी कुठे असतं ते तिच्या लक्षात असतं. माणसात तर काय बोलायलाच नको, आमच्या घरी लोणच्यात मीठ किती हे अजून आजीच्या मुठीवर आहे आणि आजी जाऊन वीस वर्षं झाली.

तर माझा अंदाज असा की यान बनवणारा एलियन कसाही दिसो, त्याचं बालपण लांब असणार आणि त्याच्या समाजात पिल्लं न देणारे, पण गोष्टी सांगणारे म्हातारे असणार. किंवा मग आठवण साठवायची दुसरी काहीतरी व्यवस्था, जी आपल्याला सुचत नाही.

पाण्यात राहणारे एलियन रॉकेट बनवू शकतील?

अवघड आहे. पाण्यात आग पेटत नाही. आग नाही म्हणजे भट्टी नाही, भट्टी नाही म्हणजे धातू गाळणं नाही, काच नाही. डॉल्फिनचंही तेच दुखणं, वर त्याला हातही नाहीत.

आणि आपल्या सूर्यमालेत पाणी कुठे आहे बघा, गुरूचा चंद्र युरोपा, शनीचा एन्सेलाडस, दोन्हीकडे समुद्र आहेत पण वर किलोमीटरच्या किलोमीटर बर्फाचं झाकण. नासाचं युरोपा क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालंय, २०३० मध्ये पोचेल. तिथे फार तर जंतू असतील, पण घटकाभर समजा की त्या अंधारात कोणी विचार करणारं आहे. त्याच्यासाठी जगाचं छप्पर म्हणजे बर्फ. तारा ही गोष्टच त्याला माहीत नाही. त्याचे ऋषीमुनी 'बर्फाच्या वर काय आहे' यावर भांडत असतील आणि बाकीचे म्हणत असतील, बर्फाच्या वर बर्फच, अजून काय असणार.

जड गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावर कसे असतील?

बुटके, जाड पायांचे, कदाचित चारापेक्षा जास्त पायांवर. साधा हिशेब आहे, ग्रहाची घनता पृथ्वीएवढीच पण त्रिज्या दुप्पट असली तर पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण दुप्पट, माझे ७२ किलो काट्यावर १४४ दिसतील. तिथे पडणं म्हणजे मरणंच, त्यामुळे उंच मान, ताठ कणा असले थाट परवडणार नाहीत. उलट हवा दाट असेल तर उडायला मात्र सोपं. आणि ग्रह फारच मोठा असेल तर रॉकेटला तिथून निसटायला इतकं इंधन लागतं की ते हुशार असूनही घरीच बसलेले असू शकतात.

रंग कुठला असेल?

त्यांचा सूर्य कुठला त्यावर आहे. आपल्या आकाशगंगेतले साधारण तीन चतुर्थांश तारे लाल बटू आहेत, लहान आणि मंद. सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२ प्रकाशवर्षांवर, तोही तसाच, आणि २०१६ मध्ये त्याच्याभोवती ग्रह सापडला, त्याचं वर्ष फक्त ११ दिवसांचं. एवढ्या जवळ फिरणाऱ्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता जास्त, आपला चंद्र जसा एकच तोंड दाखवतो तसं. म्हणजे एका बाजूला कायमची दुपार, दुसरीकडे कायमची रात्र, आणि मधे एक पट्टा जिथे सूर्य क्षितिजावर टेकून बसलाय तो बसलाच आहे. अख्ख्या जातीचा जन्म कातरवेळेत! आमच्याकडे तिन्हीसांजेला झोपू नये म्हणतात, तिथे मग कधी झोपायचं?

अशा ताऱ्याखालची झाडं मिळेल तो सगळा उजेड शोषायला काळी असतील असा एक अंदाज आहे. काळ्या रानात राहणारा प्राणी मग काळपटच असेल, आणि त्याचे डोळे आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड बघत असतील. आपला हिरवागार श्रावण त्याला बहुतेक बटबटीत वाटेल.

सिलिकॉनचे असू शकतात का? दगडाचे?

मला नाही वाटत. कार्बन जळला की कार्बन डायऑक्साइड होतो, वायू, उच्छ्वासातून गेला बाहेर. सिलिकॉनचा ऑक्साइड म्हणजे वाळू. प्रत्येक श्वासाला वाळू थुंकायची? शिवाय कार्बनच्या लांब लांब साखळ्या टिकतात तशा सिलिकॉनच्या पाण्यात टिकत नाहीत. कार्बनवालेच, पण पाण्याऐवजी दुसऱ्या द्रवात, असं काही असू शकेल, शनीच्या टायटन चंद्रावर उणे १७९ अंशांत मिथेनचा पाऊस पडतो आणि तळी आहेत. पण तिथे सगळं रसायन इतकं हळू चालेल की 'काय म्हणता?' विचारल्यावर उत्तर यायला आपल्या दोन पिढ्या जातील.

मुंग्यांसारखे, म्हणजे अख्खं वारूळ मिळून एकच बुद्धी, असं असेल का?

हा प्रश्न मला एका शाळेतल्या कार्यक्रमात सातवीतल्या मुलाने विचारला आणि त्या दिवसातला सगळ्यात चांगला होता.

गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, सातेरी देवीचं रूप म्हणून ती पुजतातही. पावसाळ्यात त्याच रोयणीवर अळमी, म्हणजे रानटी मशरूम, उगवतात, पानात बांधून रस्त्याकडेला विकायला बसतात आणि भाव ऐकून घाम फुटतो. ती अळमी आपोआप येत नाहीत, वाळवी आत बुरशीची शेती करते. लाकूड-पाला चघळून वाफे करायचे, त्यावर एकच ठराविक बुरशी वाढवायची, आत हवा खेळती ठेवायची. हे काम ती साधारण ३ कोटी वर्षं करतेय. माणसाच्या शेतीला दहा-बारा हजार वर्षं झाली. आणि एकेक वाळवी काही मिलिमीटरची, कामकरी तर आंधळी, शेतीचं कुठलंही पुस्तक तिच्या डोक्यात नाही. शेती कोणाला येते? वारुळाला येते.

आता हे वाढवून बघा. असं वारूळ जर हुशार झालं तर त्यात कोण कोणाशी बोलणार? मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, आम्ही म्हणजे तुला सोडून, आपण म्हणजे तुलाही धरून. हिंदीत सगळ्याला 'हम'. त्या वारुळाच्या भाषेत 'मी' नसेलच बहुतेक, आणि एखादी वाळवी मेली तर आपलं नख कापल्याइतकंच वाटेल. आपला एक अंतराळवीर त्यांच्या हातून मेला तर ते निरागसपणे विचारतील की नख तुटलं तर एवढं रडायचं काय. मला त्या काळ्या डोळ्यांच्या टकल्यापेक्षा या गैरसमजाची जास्त भीती वाटते.

मेंदू मोठाच लागतो ना पण?

मोठा नाही, दाटीने भरलेला लागतो. कावळ्याचा मेंदू अक्रोडाएवढा असतो पण त्यात पेशी शंभर कोटींच्या पुढे. न्यू कॅलेडोनिया बेटावरचे कावळे काडीला आकडा करून भोकातल्या अळ्या काढतात. सिअ‍ॅटलला विद्यापीठातल्या लोकांनी ठराविक मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले, पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे अंगावर यायचे, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेसुद्धा. म्हणजे एकाने दुसऱ्याला सांगितलं! आमच्या नात्यात एका दशक्रियेला पिंडाला काही केल्या कावळा शिवेना, भटजी म्हणाले इच्छा राहिलीय काहीतरी, आणि सगळे आठवायला लागले काय राहिलं असेल. मी बघत होतो पिंडाशेजारी हात जोडून उभ्या असलेल्या चुलतभावाकडे, जो लहानपणी गलोल घेऊन फिरायचा. बोललो नाही काही, त्या वेळी बोलायचं नसतं.

की ते मशीनच असतील?

असू शकतं, आणि खरं तर आधी भेटणारं बहुतेक मशीनच असेल. आपलंच बघा, आपण स्वतः चंद्राच्या पलीकडे गेलेलो नाही, पुढे सगळीकडे यंत्रंच पाठवलीत. अंतरं इतकी अफाट आहेत की मांसाच्या शरीराने जाण्यात अर्थ नाही. मग ते यंत्र दिसेल कसं याला काही मर्यादाच नाही, त्याला तोंड नको, पोट नको. यावर अजून काय लिहिणार, अंदाज बांधायला इथे पायाच नाही.

भेटलेच तर बोलणार कसं? आपण त्यांना काही पाठवलंय का?

पाठवलंय, आणि त्यात मराठी आहे! १९७७ मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठी आवाजात पृथ्वीवरच्या लोकांचे शुभविचार आहेत. संगीतात भारताकडून एकच चीज, केसरबाई केरकरांची भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई गेल्या. ते यान आज सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर आहे, माणसाने बनवलेली सगळ्यात लांब गेलेली वस्तू, आणि तरी कुठल्याही दुसऱ्या ताऱ्याच्या थोडंफार जवळून जायला त्याला अजून ४० हजार वर्षं लागतील.

सोबत सुई आणि कार्ट्रिज दिलंय, तबकडी किती वेगाने फिरवायची ते हायड्रोजनच्या अणूच्या हिशेबात चित्र काढून सांगितलंय, कारण सेकंद आपला आहे, हायड्रोजन सगळ्यांचा. पण मूळ गोची अशी की कान आहेत हे आपण गृहीत धरलंय. समजा ते टायटनसारख्या थंडीतले सावकाश जीव निघाले तर साडेतीन मिनिटांची भैरवी त्यांना 'टक्' अशी ऐकू येईल. समजा वटवाघळासारखे असतील, आवाजाने बघणारे, तर केसरबाईंची तान त्यांना ऐकू येण्याऐवजी *दिसेल*, कुठल्यातरी वळणावळणाच्या गुहेसारखी. हे मी एका संगीताच्या शिक्षिकेला सांगितलं तर म्हणाल्या, "भैरवी आहे ना, दिसणारच."

ते आधीच येऊन गेलेत ना? यूएफओचे व्हिडिओ आहेत की.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांतून आकाशात जळत जाणारी रांग दिसली, माझा फोन त्या रात्री बंद पडायचा बाकी होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आठ-दहा फुटी धातूची कडीच येऊन पडली. कोणी म्हणे उल्का, कोणी म्हणे तबकडी. अंतराळतज्ज्ञांनी कक्षांचा हिशेब लावून सांगितलं, चिनी रॉकेटचा उरलेला टप्पा वातावरणात परत येऊन जळाला. हल्ली एका ओळीत जाणारे दिवे दिसले तर ते स्टारलिंकचे उपग्रह असतात. पुष्पक विमानाबद्दलही विचारलं जातं, त्यावर मी चहा मागवतो.

नारळीकर सरांनी एलियन शोधले होते म्हणतात, खरं का?

एलियन नाही, जंतू. २००१ मध्ये हैदराबादहून मोठा फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत गोळा केली, त्यात जयंत नारळीकर होते. जीव धूमकेतूंबरोबर बाहेरून आला असेल का, हे त्यांना तपासायचं होतं. २००५ मध्ये दुसरा फुगा गेला, त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, एकीचं नाव खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यावरून, एक आर्यभटांच्या आणि एक इस्रोच्या नावाने. ते जिवाणू बाहेरचे होते हे सिद्ध झालं नाही, तसा दावा इस्रोनेही केला नाही. पण जर खरंच जीव असा इकडून तिकडे प्रवास करत असेल तर एक गंमत होते, तिकडचे आपले परके नाहीत, लांबचे भाऊबंद निघतील. मग कदाचित आतलं रसायन तरी जुळेल. भाऊबंद म्हणजे जमिनीवरून भांडणंही आलीच.

हे शोधायचं काम आपल्याकडे कुठे बघायला मिळतं?

नारायणगावजवळ खोडदला जा, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला. ४५ मीटर व्यासाच्या ३० अवाढव्य तबकड्या, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं काम. मुख्य काम आकाशगंगा, पल्सार वगैरेंचं, एलियन शोधायला बांधलेली नाही ती. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांसाठी खुलं असतं, शाळांच्या बसची रांग लागते. मोबाइल बंद ठेवायचा, कारण एवढ्या नाजूक कानाशेजारी तुमचा फोन म्हणजे लाउडस्पीकर. ऊन कडक असतं, टोपी न्या.

त्यांना गुदगुल्या होतात का?

दुसरीतल्या मुलीचा प्रश्न, रात्री अडीच वाजता, आई झोपलेली, ही टक्क जागी. मी आधी हसलो आणि मग गप्प झालो, कारण प्रश्न साधा नाही. आपल्याला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, मेंदूला आधीच कळतं की हात आपलाच आहे. उंदरांना गुदगुल्या होतात, ते आपल्याला ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजात चिवचिवतात आणि पुन्हा हाताखाली येतात. म्हणजे ज्याला खेळता येतं आणि 'मी' आणि 'दुसरा' यातला फरक अंगाला कळतो त्याला होत असाव्यात. हे सगळं मी तिला सांगितलं, ऑक्टोपसचे हात स्वतः विचार करतात तेही सांगितलं. तिने बराच वेळ आकाशाकडे बघितलं आणि म्हणाली, "मग ऑक्टोपसला स्वतःच्याच हाताने होत असतील. आठ आठ." आणि आईच्या पांघरुणात शिरून झोपली.